बक्षिसांची यादी माझ्या हातात

शाळेत किस्से साठतात ते हरवलेल्या डब्यांसारखे. कोपऱ्यातल्या खोक्यात वर्षभर कुणाचं झाकण, कुणाची पाण्याची बाटली, कुणाचा एकच मोजा पडत राहतो. न्यायला कुणी येत नाही आणि टाकून द्यायला मन होत नाही. फेब्रुवारी आला, बक्षीस समारंभाची गडबड सुरू झाली, की आम्ही स्टाफरूममध्ये चहा पीत ते खोकं पालथं करतो.

मी जाधव मॅडम. कोल्हापुरातल्या एका खाजगी इंग्रजी शाळेत मराठी शिकवते. म्हणजे घरची भाषा परकी असल्यासारखी शिकवते. पण शाळेत माझी खरी ओळख वेगळी आहे. गेली तेरा वर्षं वर्षाअखेरच्या बक्षिसांची यादी मी करते. झालं असं, की नवीन असताना मी एका मुलाचं डॉक्टरी सर्टिफिकेट पकडलं. डॉक्टरांच्या सहीखाली तारीख होती तीस फेब्रुवारी! इतक्या जणांच्या हाताखालून तो कागद गेला होता, पण तारीख कुणी वाचलीच नव्हती. तेव्हापासून यादी माझ्याकडे आली आणि माझ्या पाठीमागे मला सगळे ‘फौजदारीण’ म्हणायला लागले. मला ऐकू येतं.

स्वभाव मुळातच संशयी. कागलच्या माझ्या सासूबाई म्हणतात, "हिला दूध दिलं की आधी बोट घालून बघती, मग म्हशीकडं बघती." खरं आहे. पण बक्षिसाच्या कामाला असाच माणूस लागतो. परीक्षेच्या मार्कांवर पालक एकवेळ गप्प बसतात, स्टेजवरच्या कपावर बसत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणाला शंका नको. माझी मुलगी ऋतुजा पहिलीपासून याच शाळेत आहे. नऊ समारंभ झाले, तिला एकही बक्षीस नाही. पोरगी कमी आहे म्हणून नव्हे. यादी माझ्या हातात, आणि त्या यादीत माझ्याच पोरीचं नाव दिसलं की लोक म्हणणार, कुंपणानंच शेत खाल्लं. म्हणून तिच्या नावापुढं दर वर्षी मी एकच शब्द लिहिते, सहभाग. तशी नऊ प्रमाणपत्रं तिनं एका प्लॅस्टिकच्या फाइलीत ओळीनं लावून ठेवली आहेत. यंदा ती दहावीला, म्हणजे हा तिचा शेवटचा समारंभ. जानेवारीत तिनं एवढंच विचारलं, "आई, यंदा तरी?"

मी म्हटलं, "बघू."

आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. तिला ते लहानपणापासून माहीत आहे.

०

आमच्या चेअरमनसाहेबांचा नियम आहे, "एक बी पोरगं हात हलवत घरी जायचं न्हाय." साहेब मनाचे मोठे, त्यांना सगळी पोरं हसत घरी गेलेली हवी असतात. पण त्या हसण्याची सोय आम्हाला करावी लागते. गाणं, चित्रकला, धावणं, गणित, सगळं वाटून झालं तरी निम्मी शाळा शिल्लक राहते. मग वर्गशिक्षक डोकं खाजवून बक्षिसं शोधून काढतात. ‘डबा पूर्ण संपवणारी विद्यार्थिनी’, ‘सुटीत पंखा बंद करणारा विद्यार्थी’, ‘सर्वात शांत विद्यार्थी’. मला दाट शंका आहे, की काही जण डोळे मिटून हजेरीपटावर बोट ठेवतात. कारण एका वर्षी ‘सर्वात शांत’ म्हणून ज्याला बोलावलं, त्या गड्यानं स्टेजवर माइक धरला तो शिपायानं ओढून घेईपर्यंत सोडला नाही.

पाचवीतल्या एका मुलाला कांबळे सरांनी ‘चप्पल-बूट रांगेत लावणारा विद्यार्थी’ असं बक्षीस दिलं. कांबळे सर खेळ शिकवतात, पाचवीचे वर्गशिक्षक आहेत, आणि शाळेत माझ्याशी न घाबरता बोलणारा तेवढा एकच माणूस आहे. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील कप घेऊनच ऑफिसात हजर.

"सर, गेल्या साली बी चपलंचंच दिलतं. औंदा बी चपलंचंच. तुमी पोराच्या पायातनं वर कवा बघणार?"

सरांनी कप हातात घेतला, उलटसुलट केला आणि शांतपणे म्हणाले, "पुढच्या वर्षी गुडघ्यापर्यंत येतो, साहेब."

मला वाटलं, आता मारामारी होणार. पण ते गृहस्थ जरा विचार करून म्हणाले, "चालंल. पण लिवून द्या." सरांनी लिहून दिलं. पुढच्या वर्षी पोराला खो-खोचं बक्षीस मिळालं, तेव्हा बापानं तो कागद खिशातून काढून आम्हाला परत दिला.

०

शंभर टक्के हजेरीचं पदक हे सगळ्यात संशयास्पद बक्षीस. वर्षभर एक दिवसही ताप नाही, लग्न नाही, पाहुणे नाहीत? मला असं मूल दाखवा.

आठवीत जोतिबाच्या डोंगरावरचा एक मुलगा होता. वडिलांचं देवळाच्या वाटेवर गुलाल-खोबऱ्याचं दुकान. हजेरीच्या कॅटलॉगमध्ये हा बाबा रोज हजर. मी पौर्णिमा तपासल्या, तर तिथंही हजर. पौर्णिमेला जोतिबावर पाय ठेवायला जागा नसते आणि ज्याचं दुकान ऐन वाटेवर, त्याचं पोरगं त्या दिवशी खाली बसून भूगोल शिकतंय? मला ते पटेना.

पुढच्या पौर्णिमेला मी सकाळी शाळेत फोन केला, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि एसटीनं जोतिबा गाठला. अंदाज बरोबर निघाला. पोरगं कोपरापर्यंत गुलालात, एका हातानं नारळ देतंय, एका हातानं सुटे परत करतंय. मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, आता याची दातखीळ बसणार.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मॅडम, पोट थांबलं काय दुखायचं?"

मीच गार पडले. म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"ग्रुपवर आलंय की. मॅडमचं पोट दुखतंय, मराठीचा तास ऑफ."

आतून त्याचे वडील बाहेर आले. परिस्थिती बघून त्यांनी दोन नारळ माझ्यापुढं ठेवले. "मॅडम, तुमी आमाला बघितलं न्हाय, आमी तुमाला बघितलं न्हाय. देवाचं घ्या आन् गप जावा."

नारळ मी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन आधी माझी आजारपणाची रजा बिनपगारी करून घेतली आणि मग त्याचं पदक कापलं. एवढी इमानदारी माझ्यात आहे. ‘येस मॅम’ म्हणून त्याच्या नावानं ओ देणारा मित्रही सापडला, त्याचंही पदक गेलं. पोरगं रडलं नाही की भांडलं नाही. वर्गातून बाहेर जाता जाता एवढंच म्हणालं, "मॅडम, मी तर धंद्याला होतो. खोटं बोलून देवाला तुम्ही आलता."

०

विज्ञान प्रदर्शनात सहावीतल्या एका मुलानं उसाचा रस काढायचा चरक आणला. थर्माकोलचा नव्हे, ओतीव लोखंडाचा! दोन कामगार धरून आत घेऊन आले. टेबलावर ठेवल्यावर टेबल एका बाजूला कललं. मुलाच्या वडिलांची एमआयडीसीत फाउंड्री, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक.

"कुणी केलं?" मी विचारलं.

"मी."

"ओतकाम कसं केलंस?"

मागून वडिलांचा आवाज आला, "सांग की, आधी वाळूचा साचा..."

मी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. मग मुलाचं लक्ष नाही असं बघून हळूच दांड्याची पिन काढून ठेवली आणि म्हटलं, "आता चालवून दाखव." त्यानं दांडा फिरवला, दांडा त्याच्या हातात आला. पोरगं जरासुद्धा घाबरलं नाही. दारातून डोकं बाहेर काढून ओरडलं, "पप्पा, मॅडमनी मोडलं!"

वडील खिशातून पाना काढतच आत आले. शाळेच्या प्रदर्शनाला खिशात पाना घेऊन कोण येतं, हे मला कुणीतरी सांगावं.

पहिलं बक्षीस मी एका लहान मुलीच्या कागदी पवनचक्कीला दिलं. जरा वाकडी होती, त्यामुळं मुलीनंच केली असणार अशी खात्री वाटली. समारंभात तिची आई शेजारणीला अभिमानानं सांगत होती, "दोन दिवस कामावर रजा टाकून बसलेवते मी. मुद्दाम वाकडी केली, म्हटलं नीट केली तर मॅडम देणार न्हाईत."

त्याच प्रदर्शनात ऋतुजानंही भाग घेतला होता. तेव्हा ती सातवीत. माझा भाऊ गगनबावड्याला असतो, त्याच्याकडं शनिवार-रविवारी जाऊन तिनं बाटली कापून पाऊस मोजला होता. आता गगनबावड्याचा पाऊस, बाटलीत किती मावणार? वहीत पहिले चार आठवडे एकच शब्द होता, ‘भरली’. मग तिनं डबा ठेवला. ‘भरला’. शेवटी मामाचं पिंप रिकामं करून त्यात मोजला आणि पूर्ण हिशेब काढला. मी विचारलं, "मामानं किती मदत केली?"

"कायबी न्हाय. मी करतो की माझं मी." इथल्या पोरी ‘करतो’च म्हणतात, मराठीच्या मॅडमची असली तरी.

मला खरं वाटेना. भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मी मापलं असतं तर पहिल्याच आठवड्याला कंटाळलो असतो." तरीही मी तिच्या नावापुढं ‘सहभाग’ लिहिलं. त्या वर्षी मला जरा वाईट वाटलं होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

०

संक्रांतीपासून समारंभापर्यंत मी कुणाकडून काही घेत नाही. तिळगूळ नाही, हळदीकुंकवाचं वाण नाही, कुणाच्या म्हशीचा खरवस नाही. जानेवारीत अचानक पालकांना माझी तब्येत बारीक दिसायला लागते. अशा वेळी घेतलेला एक पेढा स्टेजवर कुठल्या कपाच्या रूपानं बाहेर पडेल याचा नेम नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐन यादीच्या आठवड्यात स्टाफरूमच्या टेबलावर एक गुळाची ढेप आली. अख्खी, गोणपाटात बांधलेली. नाव नाही, चिठ्ठी नाही. शिपाई म्हणाला, एक टेम्पोवाला ठेवून गेला. मी ढेपेला हात लावू दिला नाही. कपाटात घातली, कुलूप लावलं आणि पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘शाळेत कुणीतरी गुळाची ढेप पाठवलेली आहे. ज्यांची असेल त्यांनी त्वरित मला भेटावे.’ मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. आता कोण कोण तोंड लपवतं ते बघते.

संध्याकाळपर्यंत अकरा पालक भेटून गेले. तोंड कुणीच लपवलं नाही. प्रत्येक जण म्हणाला, ढेप आमचीच!

एकानं तर घरच्या गुऱ्हाळाचा पत्ता दिला. एक बाई म्हणाल्या, "मॅडम, नावाचं काय येवढं, मनापासनं दिलीय. आमची पोरगी नाचात हाय, ध्यानात ठेवा." एका गृहस्थांनी ढेपेचा रंगही सांगितला. मी म्हटलं, कपाट उघडू? ते म्हणाले, "नको नको, विश्वास हाय तुमच्यावर."

मी अकरा नावं लिहून काढली आणि तो कागद तावातावानं चेअरमनसाहेबांकडं घेऊन गेले. साहेबांनी सगळी नावं शांतपणे वाचली.

"बाई, ढेप मी पाठवलीया. चहाला. साखरेनं सगळ्या मास्तरांची शुगर वाढाय लागलीया म्हणून." मग जरा थांबून म्हणाले, "ह्या अकरा जणांचं आभार मानलं न्हवं तुमी?"

घरी ही हकीकत सांगितली तर ऋतुजा हसून हसून आडवी झाली. मग डोळे पुसत म्हणाली, "बाराव्या नंबरला मी येतो. म्हणतो, आमचीच ढेप. एखादं बक्षीस तरी लागंल."

मी हसले नाही. तीही मग अभ्यासाला बसली.

०

फिरती ढाल ही भानगड ज्यानं काढली, त्याला कोल्हापूर जिल्हा माहीत नसणार. आमच्याकडं घरात आलेली ढाल फिरत नाही.

क्रीडास्पर्धेची आमची ढाल एका वर्षी कागलच्या एका मुलीला मिळाली. वर्षानं परत करायची, असा नियम. वर्ष झालं, फोन झाले, चिठ्ठ्या झाल्या, ढाल येईना. शेवटी सासरी गेले होते तेव्हा कांबळे सरांना बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं त्यांच्या दारात उभे राहिलो. घरच्यांनी पावणं आलं म्हणून पाणी दिलं, चहा दिला, पोह्यांची बशी दिली. ढालीचा विषय काढला की दुसरी बशी पुढं.

शेवटी मुलीची आजी आम्हाला आत घेऊन गेली. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी आमची ढाल! हार घातलेली, हळदीकुंकू लावलेली, पुढं निरांजन.

आजी म्हणाली, "आता देवात बसलीया ती. तुमीच उचला. पाप तुमच्या डोस्क्यावर."

कांबळे सरांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. सर म्हणाले, "मी हात लावणार नाही, घरचे देव यांचे, उगाच वाद नको." मी नमस्कार करण्याच्या निमित्तानं वाकले आणि बोटानं कुंकवाला हात लावला. कुंकू ओलं होतं. हार ताजा. आम्ही चहा पीत होतो तेवढ्या वेळात देवाची प्रतिष्ठापना झालेली.

हे मी बोलून दाखवल्यावर आजी तोंडाला पदर लावून हसली. "व्हय, आत्ताच बसवली. पण बसवली तर हाय न्हवं?"

आम्ही रिकाम्या हातानं परत आलो. शाळेनं नवीन ढाल केली. त्या घरात अजून जुनीची पूजा होते, दसऱ्याला तर तिला झेंडूचा वेगळा हार असतो, असं सासूबाई सांगतात.

०

आता यंदाचं.

आठवी ते दहावीची मराठी निबंध स्पर्धा माझ्याकडं असते. निकालावर कुणी बोट ठेवू नये म्हणून मी कडक पद्धत लावली आहे. पेपरावर नाव नाही, फक्त नंबर. त्याच नंबराच्या बंद पाकिटात मुलाचं नाव. पाकिटं कांबळे सरांच्या कपाटात, पेपर माझ्याकडं. मी नंबर ठरवायचा आणि पाकीट चेअरमनसाहेबांनी समारंभात सगळ्यांसमोर फोडायचं. तोवर मलाही माहीत नसतं कोण जिंकलं.

म्हणजे एक सोडून. ऋतुजाचं अक्षर मला ओळखू येतं. तिला अ आ इ ई मीच पाटीवर गिरवून दिलेत. गोल, टपोरं, ‘र’ला जरा जास्त पोट. तो पेपर गठ्ठ्यात दिसला की मी न वाचता काढून घरातल्या टेबलाच्या खणात ठेवते, मागच्या दोन वर्षांचे अजून तिथंच पडलेत. वाचला आणि आवडला तर काय करायचं? त्यापेक्षा न वाचलेला बरा. यंदाही तसा पेपर दिसला, आठ नंबरचा. खणात ठेवला.

विषय होता ‘घरातली एक वस्तू’. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, आजोबांची काठी, सगळं वाचून झालं. तेविसाव्या पेपरावर मी थांबले. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. एक ओळ वर, एक खाली. पण मजकूर कुलपावर होता.

‘आमच्या घरी बाहेर जाताना कुलूप लावतात आणि तीनदा ओढून बघतात. जिना उतरल्यावर परत वर येतात आणि चौथ्यांदा ओढतात. कुलूप आजवर एकदाही आपोआप उघडलेलं नाही. तरी त्याला रोज ओढतात. कुलपाला बोलता येत नाही. आलं असतं तर ते म्हणालं असतं, एक दिवस न ओढता जाऊन बघा.’

दीड पानच होतं. मी दोनदा वाचलं. त्या घरातल्या माणसांचा मला रागच आला. कुलूप ओढून आम्हीही बघतो, पण इतकं? समासात लाल पेनानं लिहिलं, ‘अक्षर सुधारावे. निबंध पहिला.’

समारंभाला हॉल भरला होता. साहेबांनी तेवीस नंबरचं पाकीट फोडलं, चष्मा वर सरकवला आणि वाचलं, "ऋतुजा जाधव. धावी अ."

दोन-चार टाळ्या वाजल्या आणि थांबल्या. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मॅडमचीच पोरगी की." दुसरं कुणी हसलं, "शेवटच्या वर्साला काम केलंच."

इतकी वर्षं ज्याला भीत होते ते समोर आलं. आणि त्याच वेळी मला दुसरा संशय आला. मी पुढं झाले आणि साहेबांच्या हातून माइक घेतला.

"थांबा. हे अक्षर माझ्या मुलीचं नाही. तिचं अक्षर मला माहीत आहे. कुणीतरी तिला लिहून दिलंय किंवा पाकिटं बदललीत. चौकशी होईपर्यंत बक्षीस देऊ नका."

ऋतुजा तोवर स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. तिथंच थांबली.

कांबळे सर उठले. "मॅडम, पाकिटं माझ्याजवळ होती. आणि स्पर्धेला वर्गावर मीच होतो. ही माझ्यासमोर बसून लिहीत होती."

"तुम्हाला चुकून वाटलं असेल," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते गेलंच.

ऋतुजा वर आली. रडली नाही. साहेबांच्या टेबलावरून एक कोरा कागद घेतला, सरांच्या खिशाला लावलेलं पेन मागून घेतलं, वाकली आणि लिहायला लागली. डाव्या हातानं. जीभ दातात धरून, एकेक अक्षर. ‘आमच्या घरी बाहेर जाताना कुलूप लावतात.’ एक ओळ वर गेली, दुसरी खाली आली.

साहेबांनी पाकिटासोबत आणलेला तेवीस नंबरचा पेपर काढला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "तेच हाय की बाई," ते हळू म्हणाले.

खणात न वाचता ठेवलेला तो आठ नंबरचा पेपर मला आठवला. तो कुणाच्या पोरीचा होता कोण जाणे. माझ्या हातातला माइक अजून चालू होता, त्यामुळं पुढचं सगळ्या हॉलनं ऐकलं.

"तू डाव्या हातानं कधीपासून लिहायला लागलीस?"

"दिवाळीपास्नं शिकतोय."

"कशाला?"

तिनं पेनाला टोपण लावलं आणि ते सरांना परत दिलं.

"उजव्या हातानं लिहिलं असतं, तर तू वाचलं असतंस?"